माहेरचे नाव

वाचकहो, आपल्या पणजीचे माहेरचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? अंधेरीच्या आमच्या कॉलेजात हा प्रश्न मी दरसाल विचारतो, आणि दरसाल वर्ग गप्प बसतो. मग अठराव्या शतकातली एखादी साधी बाई, राणी नव्हे की सरदारीण नव्हे, शोधायची तरी कशी?

इंग्लंडात हे काम त्या मानाने सोपे. १५३८ पासून तेथे दर चर्चला बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम होता. १७५४ पासून तर लग्नाच्या वहीत वधूची सही आली. लिहिता न येणारी फुली मारी. त्या फुलीशेजारी तिचे माहेरचे आडनाव असे. ही एक नोंद हुकली, की माग खुंटलाच!

दूर कशाला, आपल्या साष्टीतच पाहा ना. मरोळचे जुने चर्च १५७९ चे. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली, १७७४ मध्ये ती इंग्रजांकडे गेली. राज्ये बदलली, पण भात लावणारी बाई त्याच चिखलात उभी होती. ती ख्रिस्ती असेल, आणि चर्चची वही वाळवीतून, दमट हवेतून वाचली असेल, तर मुलाच्या बाप्तिस्म्यात आई म्हणून ती सापडण्याची आशा असते.

हिंदू घरांत घोटाळा निराळा. पुष्कळ घराण्यांत लग्नात मुलीचे नावच बदलत. श्राद्धात मात्र मुलगा आईच्या वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे नाव उच्चारतो. म्हणजे तिचे माहेर तोवर जिवंत असते. पण त्याचा मुलगा उच्चारतो तो स्वतःच्या आईकडचे पुरुष! आजीचे माहेर तेथेच विस्मरणात जाते. इतिहासाच्या पुस्तकांत ही गळती कोणी मांडलेली मला तरी आढळली नाही.

नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो होतो. त्यांच्या वहीत आठ पिढ्यांचे पुरुष ओळीने उभे. बायका म्हणाल तर तीन लक्ष्म्या, दोन सरस्वत्या, सगळी नावे सासरची. आई बरोबर होती. ती म्हणाली, "अरे, माझ्या आजीचे माहेर मला ठाऊक आहे. लिहून घे." तिने गाव सांगितले, आडनाव सांगितले, पाळण्यातले नावही सांगितले.

"एवढे कोणी लिहीत नाही हो," उपाध्याय म्हणाले. पण वही त्यांनी माझ्याकडे फिरवली, आणि समासात दोन बोटे जागा होती, तेथे मी लिहिले.