दोषशोधक आज्ञावली आणि देवनागरीचे प्रदर्शन : ‘हिर्डोशी’ या ग्रामनामाच्या आधारे एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
संगणकीय आज्ञावलीतील चूक शोधण्याच्या साधनास डीबगर अथवा दोषशोधक म्हणतात. ते चालू आज्ञावली मध्येच थांबवून स्मृतीतील मूल्ये पडद्यावर दाखविते. परंतु या साधनाच्या प्रदर्शनातच दोष असेल, तर निर्दोष माहितीही सदोष भासते. भोर तालुक्यातील हिर्डोशी या गावाच्या नावावरून हा प्रश्न स्पष्ट होतो.

पार्श्वभूमी :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये जीडीबी हा डीबगर लिहिला. १९९० च्या दशकात जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील तांत्रिक विद्यापीठात आंद्रेआस त्सेलर व डोरोथिया ल्युटकेहाउस यांनी त्यावर डीडीडी हे चित्रात्मक आवरण चढविले. मूल्ये चौकटींत व त्यांचे परस्परसंबंध बाणांनी दिसू लागले. चौकटीतील मजकूर मात्र जीडीबीकडूनच येत असे.

दोषाचे स्वरूप :
इस्की या १९९१ च्या भारतीय मानकाने आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरी उच्चारक्रमाने साठविण्याचे तत्त्व स्वीकारले. त्यानुसार ‘हिर्डोशी’मध्ये ह, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्तचिन्ह, ड, ओकार, श, दीर्घ वेलांटी असे ८ संकेत येतात. इस्कीत ते ८ बाइट व्यापतात. १९९२ मध्ये तयार झालेल्या यूटीएफ-८ पद्धतीत २४. इंग्रजी अक्षरांसाठी घडलेल्या डीबगरला हे बाइट अपरिचित होते. त्यामुळे एकट्या ‘ह’च्या जागी ३४०, २४४, २७१ असे अष्टमान अंक उमटत. २००९ च्या जीडीबी ७.० या आवृत्तीत बहुबाइट लिपिसंचांची सोय झाली. तथापि, वेलांटी ‘ह’च्या आधी नेणे आणि रफार ‘डो’वर चढविणे हे काम पडद्यावर अक्षरे जुळविणाऱ्या व्यवस्थेचे असते. ती व्यवस्था अपुरी असल्यास वेलांटी ‘ह’नंतर सुटी पडलेली दिसते.

परिणाम :
दिसण्यातील हा दोष किरकोळ वाटला, तरी त्याचे निदान चुकल्यास हानी मोठी होते. टंकलेखन यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी उमटवीत. त्याच सवयीने एखाद्याने साठविलेला क्रमच उलटविला, तर सदोष पडद्यावर नाव शुद्ध दिसेल. पण संगणकाच्या दृष्टीने ते निराळे नाव ठरेल. मग सातबारा किंवा मतदारयादीत ‘हिर्डोशी’ शोधणाऱ्यास ती नोंद सापडणार नाही. म्हणजेच पडद्याची चूक दप्तरात कायम होईल.

समारोप :
यावरून असे दिसून येते की, प्रदर्शनाचा दोष प्रदर्शनाच्या स्तरावरच दूर केला पाहिजे. प्रथम स्मृतीतील ८ संकेत क्रमाने तपासावेत. ते बरोबर असल्यास माहितीस हात लावू नये. जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासात मूळ लेखन आणि नक्कलकाराचा प्रमाद यांत जो विवेक केला जातो, तोच येथेही आवश्यक ठरतो.