दारूबंदी आणि घरखर्चाचा हिशेब

दारूबंदी म्हटली की आपल्या मनात नीतिमत्तेचा प्रश्न उभा राहतो. एक बाजू संयमाची, दुसरी व्यक्तिस्वातंत्र्याची. चंद्रपूर-गडचिरोलीचा अलीकडचा इतिहास पाहताना ही चौकट अपुरी वाटते. तेथील स्त्रियांनी दारूविरुद्ध जे मांडले, ते पुष्कळ अंशी घराच्या जमाखर्चाविषयी होते.

या जंगलपट्ट्यात रोख पैसा वर्षभर सारखा येत नाही. मार्च-एप्रिलात मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने, मग थेट धानाचे पीक. सत्तर पानांचा एक पुडा, आणि शेकडा पुड्यांवर मजुरी. पहाटे रानात जाऊन पाने तोडणाऱ्यांत आणि घरी बसून पुडे बांधणाऱ्यांत बायका असतातच. पण पैसा येतो तेव्हा पेरणी तोंडावर असते, बियाणे घ्यायचे असते, उधारी फेडायची असते. नेमक्या त्याच दिवसांत गावात दारूचे दुकान असणे म्हणजे काय, हे सांगायला अर्थशास्त्र्याची गरज नाही. १९६९च्या कायद्याने तेंदूचा व्यापार सरकारने आपल्या नियंत्रणात घेतला. दारूचे परवाने तर सरकारच देत होते. पान विकले तरी महसूल, पानाची मजुरी पिऊन संपली तरी महसूल! (या योगायोगाकडे आपल्या इतिहासलेखकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.)

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला १९८२ साली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये 'सर्च' स्थापन केल्यानंतर तेथे दारूमुक्तीची चळवळ वाढली. लोक दारूवर किती खर्च करतात आणि सरकार जिल्ह्याच्या विकासावर किती, ही तुलना तिने लोकांपुढे ठेवली. १९९३मध्ये बंदी आली.

पुढे चंद्रपूर दोन दारूबंद जिल्ह्यांच्या, वर्धा आणि गडचिरोलीच्या, मध्ये उरले. डिसेंबर २०१०मध्ये पारोमिता गोस्वामींच्या 'श्रमिक एल्गार'च्या पुढाकाराने हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. समिती नेमली गेली, अहवाल आला, वर्षे गेली. अखेर १ एप्रिल २०१५पासून बंदी लागू झाली. तेव्हा राज्याचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार याच जिल्ह्यातले होते. महसूल सोडण्याच्या बाजूने खुद्द अर्थमंत्री उभा राहावा, हे दृश्य दुर्मीळच.

२७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. रमानाथ झा समितीच्या अहवालाचा आधार होता. अवैध विक्री, वाढती गुन्हेगारी, बुडालेला महसूल ही कारणे पुढे आली. पहिली दोन खोटी नव्हती. चोरटी दारू महाग असते, आणि ज्या घरातला पिणारा सुटला नाही, त्या घराचा खर्च बंदीने वाढतोच. हे मान्य केल्याशिवाय बंदीचे समर्थन प्रामाणिक ठरणार नाही. परंतु दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे: बुडालेल्या महसुलाचा आकडा शासनाला ठाऊक असतो, कारण तो वहीत असतो. एखाद्या घरात त्या सहा वर्षांत वाचलेल्या किंवा अधिक गेलेल्या पैशाची वही कोणीच ठेवलेली नसते. समित्यांपुढे त्यामुळे एकच हिशेब आकड्यांनिशी येतो. दुसरा येतो तो बायकांच्या तोंडी, आणि त्याला 'भावना' म्हटले जाते.

गडचिरोलीची बंदी २०२१मध्ये उठली नाही. वैनगंगेच्या एका काठावर परवान्याची दुकाने पुन्हा उघडली, दुसऱ्या काठावर बंदी राहिली. तेंदूचा हंगाम मात्र दोन्ही काठांवर मे महिन्यातच येतो.