'चीअर्स': एका शुभेच्छाशब्दाचा अर्थविस्तार आणि अर्थसंकोच

मराठी भाषकांच्या व्यवहारात 'चीअर्स' हा शब्द पेल्याला पेला भिडवण्याच्या क्षणाशी निगडित आहे. ब्रिटिश इंग्रजीत मात्र तो आभाराचा, निरोपाचा आणि प्रसंगी उपरोधाचाही शब्द आहे. एकाच शब्दाच्या या दोन भिन्न वाटचाली तौलनिक अभ्यासात विचारात घेण्याजोग्या आहेत, कारण अनुवादात त्यांची सरमिसळ झाली की पात्राचा सामाजिक स्तर आणि प्रसंगाचा स्वर दोन्ही बिघडतात.

या शब्दाचे मूळ मद्याशी संबंधित नाही. उत्तरकालीन लॅटिनमधील 'कारा' म्हणजे चेहरा. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत तो याच अर्थाने आजही नांदतो. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा 'चीअर' म्हणजे मुखमुद्रा असाच अर्थ होता. चॉसरच्या काव्यात आणि शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्येही हा अर्थ आढळतो. मुखमुद्रेवरून मनःस्थिती, मनःस्थितीवरून प्रसन्नता, आणि प्रसन्नतेवरून आदरातिथ्य व खानपान अशी अर्थाची परंपरा सिद्ध झाली. अठराव्या शतकाच्या आरंभी खलाशांच्या बोलीतून उत्तेजनपर आरोळीचा अर्थ रूढ झाला. पेला उंचावताना उच्चारायचा शब्द म्हणून 'चीअर्स'ची लिखित नोंद १९१९ च्या सुमाराची, म्हणजे तुलनेने अलीकडची आहे.

अशा शब्दांचा बोलीत होणारा विस्तार सर्वत्र एकाच दिशेने होत नाही. जर्मन 'प्रोस्ट' हा लॅटिन 'प्रोसिट' (हितकर होवो) या क्रियारूपाचा संक्षेप असून तो विद्यार्थिवर्गाच्या बोलीतून प्रचारात आला. पुढे संकटाची चाहूल लागताच 'आता झालेच कल्याण' अशा उपरोधिक भावाने तो वापरला जाऊ लागला. शुभेच्छेचा शब्द जर्मनमध्ये अशुभाच्या अपेक्षेकडे वळला. इंग्रजीत तोच प्रकारचा शब्द कृतज्ञतेकडे वळला.

आभारदर्शक 'चीअर्स'ची दखल इंग्रजी कोशांनी १९७० च्या दशकातील नोंदींच्या आधारे घेतली. दार धरून ठेवणे, सुटे पैसे देणे, वाट करून देणे अशा किरकोळ उपकारांच्या प्रसंगी तो येतो. ब्रिस्टल शहरात बसमधून उतरताना चालकाला 'चीअर्स, ड्राइव्ह' म्हणण्याची रीत स्थानिक ओळखीचा भाग मानली जाते. औपचारिक आभारात देणारा आणि घेणारा यांच्यातील अंतर सूचित होते. 'चीअर्स'मध्ये ते पुसले जाते. पेल्याच्या प्रसंगी सारे समान पातळीवर असतात, आणि ती समपातळी आभाराच्या प्रसंगीही शब्दासोबत येते. गैरसोय करणाऱ्याला आवाजात किंचित बदल करून तोच शब्द ऐकवला की त्याचा उपरोध होतो. अमेरिकन इंग्रजीत मात्र पेल्याचाच अर्थ प्रधान राहिला.

मराठीने या शब्दाचा केवळ एक अवयव स्वीकारला. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील आर्य मदिरा मंडळ हे मद्यपानाला सभासंस्थेचे रूप देण्याच्या वृत्तीचे विडंबन आहे. पुढे मद्यासोबतचा नागर शिष्टाचार इंग्रजी शब्दांनिशी आत्मसात झाला, आणि 'चीअर्स' त्या शिष्टाचाराचे चिन्ह बनला. परिणामी इंग्रजीत कामगार सहज उच्चारतो तो शब्द मराठीत बहुधा इंग्रजी वळणाच्या, सुस्थित वर्गाचा सूचक ठरतो.

म्हणून ब्रिटिश कादंबरीतील बसप्रवाशाचे 'चीअर्स' मराठीत जसेच्या तसे ठेवल्यास वाचकासमोर पेला उभा राहतो. 'धन्यवाद' केल्यास सलगी नाहीशी होते. मराठीत अशा किरकोळ उपकाराची पोच पुष्कळदा शब्दाने दिलीच जात नाही. ती 'बरं, येतो' यासारख्या निरोपाच्या उद्गारात सामावते. जातानाही 'येतो' म्हणणारी ही रूढी आभार आणि निरोप यांना जवळ आणते, आणि इंग्रजी 'चीअर्स'ही नेमके तेच करतो. कोशातील समानार्थी शब्दापेक्षा असा समकार्य उद्गार शोधणे अनुवादकाला अधिक उपकारक ठरेल. उसना शब्द मूळ भाषेतील आपले सर्व आयुष्य बरोबर आणत नाही, याचे भान तौलनिक अभ्यासकाने ठेवणे म्हणूनच अगत्याचे आहे.