फुफीचा हिस्सा आणि मांडणीचा प्रश्न

पनवेलमध्ये जमिनीची गोष्ट निघाली की सातबारा निघतोच. फुफीचा हिस्सा शोधताना मीही आधी त्याच्याच मागे लागलो. नमुना सात हक्काचा, बारा पिकांचा. दोन्ही गट क्रमांकावर रचलेले. एका माणसाची सारी जमीन हवी, तर प्रत्येक उतारा चाळा. आठ-अ मात्र खात्यावर रचलेला, सगळे गट एकाच कागदावर. माहिती तीच! १९०३च्या मुंबई कायद्याने हक्कनोंद सुरू झाली, तेव्हापासून हा पेच दप्तरात आहे. (दप्तर, तालुका, जमाबंदी हे शब्दही आपल्या उर्दूतल्यासारखेच फारसीच्या वाटेचे.)

संगणकातही तोच पेच. केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२च्या पुस्तकातून एपीएल ही भाषा घडली. तिच्यात सगळा कारभार ॲरेंचा. त्याच घराण्यातली आर्थर व्हिटनी यांची ‘के’. तिच्यावर उभ्या केडीबीत तक्ता रकान्या-रकान्याने साठवतात. एकूण क्षेत्र हवे, तर क्षेत्राचा एकच रकाना वाचायचा, बेरीज झटक्यात. एकाच माणसाची पूर्ण नोंद हवी, तर प्रत्येक रकान्यातून तुकडा उचलावा लागतो. आधी विचारा, रोज कोणता प्रश्न पडणार. मग मांडणी ठरवा.

फुफीच्या आठ-अवर तीन गट निघाले. विहिरीचा चौथा नाही. आता नमुना सहा, म्हणजे फेरफार, उघडायचा आहे.