दोन दवाखाने, एक पेशंट

एचआयव्हीचा डॉक्टर व्यसनावरही औषध का देत नव्हता? आज मी तुम्हाला तीच गोष्ट सांगणार आहे. गोष्ट अमेरिकेची आहे.

1914 मध्ये तिथे हॅरिसन कायदा आला. 1919 मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की व्यसनी माणसाला त्याची सवय भागावी म्हणून अफूजन्य औषध लिहून देणं हा उपचारच नव्हे. अनेक डॉक्टरांना अटक झाली, बाकीच्यांनी हात झटकले.

1965 च्या सुमारास डोल आणि निस्वांडर यांनी मेथाडोनने हेरॉइनची तलफ आवरते हे दाखवलं. पण ते मिळायचं खास केंद्रांतच, बहुतेकांना रोज रांग लावून.

मग सुयांमधून एचआयव्ही पसरला. एकाच माणसाला दोन दवाखाने! व्यसन आवरलं नाही की एचआयव्हीच्या गोळ्या चुकतात, आणि गोळ्या चुकल्या की विषाणू वाढतो.

2002 मध्ये ब्युप्रेनॉर्फिनला मंजुरी मिळाली. आठ तासांचं ट्रेनिंग घेतलेला साधा डॉक्टरही ते देऊ शकत होता, पण सुरुवातीला जास्तीत जास्त 30 पेशंटना. पुढे दहा ठिकाणी सरकारी पैशाने एचआयव्हीच्या दवाखान्यातच हे औषध दिलं गेलं. जे त्यावर टिकले, त्यांची नशा कमी झाली. एचआयव्हीचे उपचार न घेणाऱ्यांपैकी जे टिकले, ते त्या उपचारांकडेही जास्त वळले.

खास परवान्याची अट मात्र 2022 संपता संपता गेली. फ्रान्समध्ये फॅमिली डॉक्टर 1996 पासून हेच औषध देत होते. मला विचाराल, तर उशीर औषधाला झाला नाही, विश्वासाला झाला.

भेटू पुढच्या भागात!