सुरवंटाचें चरित्र लिहिणारी

अंडें, सुरवंट, कोश आणि फुलपाखरूं, या चार अवस्था आज लहान मुलेंही घडाघडा सांगतात. परंतु हें साधें वाटणारें ज्ञान साडेतीनशें वर्षांपूर्वीं युरोपांतल्या विद्वानांजवळही नव्हतें. कोबीच्या पानांवर सुरवंट आपोआप उपजतात, हें अॅरिस्टॉटलचें मत शतकानुशतकें चालत आलेलें होतें. रुधिराभिसरणाचा शोध लावणारा हार्वेही कोशाला एक प्रकारचें अंडेंच मानी. म्हणजे सुरवंट आणि फुलपाखरूं हा एकच प्राणी, असें छातीठोकपणें कोण म्हणणार?

मारिया सिबिला मेरियन १६४७ सालीं फ्रँकफुर्ट येथें जन्मली. बाप नांवाजलेला ताम्रपट-कोरक्या. तो लवकरच वारला, आणि सावत्र बापानें तिला चित्रकला शिकविली. तेराव्या वर्षीं तिनें रेशमाचे किडे पाळले आणि पुढें जन्मभर तोच नाद तिला पुरला. त्याच सुमारास हॉलंडांत स्वामरडाम पूर्ण वाढलेल्या सुरवंटाची कातडी सोडवून आंत गुंडाळलेले पंख दाखवीत होता. त्याचें साधन सुरी. मेरियनचें साधन धीर. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. बहुतेक सुरवंट ठराविक झाडांचाच पाला खातात, तो रोज ताजा आणावा लागतो, आणि इतकें करून कित्येक कोशांतून फुलपाखराऐवजीं माशाच बाहेर पडत. तिनें त्याही टिपून ठेवल्या. घर, संसार व दोन मुली सांभाळून हें चाललें होतें, हें विसरूं नये.

१६७९ सालीं तिचा सुरवंटांवरील पहिला ग्रंथ निघाला. त्यांत पन्नास चित्रें असून भाषा लॅटिन नव्हे, जर्मन. बहुतेक चित्रांत एकाच झाडावर त्या कीटकाचें आयुष्य आणि त्याचें अन्न एकत्र काढलेलें आहे. ही मांडणीच तिची खरी कामगिरी, असें मला वाटतें.

बावन्नाव्या वर्षीं, १६९९ मध्यें, आपलीं चित्रें विकून ती धाकट्या मुलीसह दक्षिण अमेरिकेंतल्या सुरिनाम या डच वसाहतींत गेली, आणि आजारामुळें १७०१ सालीं परतली. १७०५ च्या तिच्या ग्रंथांत साठ चित्रें आहेत. त्यांपैकीं एकांत शंकासुराची फांदी आहे. आपल्या परसांत तांबडा-पिवळा फुलतो तोच. खालचा मजकूर मात्र सुरवंटापेक्षां माणसांविषयीं अधिक आहे. आपलीं मुलें गुलाम म्हणून जन्मूं नयेत यासाठीं गुलाम स्त्रिया या झाडाच्या बिया गर्भपातासाठीं वापरतात, आणि हें त्यांनीं स्वतःच आपल्याला सांगितलें, असें ती लिहिते. तिचे कीटक गोळा करणारे हातही अशाच पराधीन माणसांचे होते. त्यांचीं नांवें ग्रंथांत नाहींत.

तिच्याकडून चुकाही झाल्या. कांहीं चित्रांत एकाचा सुरवंट आणि दुसऱ्याचें फुलपाखरूं पडलें आहे, आणि एकोणिसाव्या शतकांत त्यावरून तिची कुचेष्टा झाली. पण लिनीयसनें अनेक जातींचें वर्णन तिच्याच चित्रांवरून केलें. कोशाच्या आंत सुरवंटाचें बरेचसें शरीर विरघळतें, आणि त्याच्यांत आधींपासून असलेल्या पेशींच्या बारीक पुंजक्यांतून पंख व पाय घडतात, हें पुढें सूक्ष्मदर्शकानें उलगडलें. सुरवंट मरत नाहीं आणि दुसरा कोणी जन्मत नाहीं, इतकें मात्र पाल्याच्या टोपलीशेजारीं बसून तिला कळलें होतें.

१७१७ च्या जानेवारींत ॲमस्टरडॅम येथें ती वारली. सुरवंटांच्या ग्रंथाचा तिसरा भाग, आणखी पन्नास चित्रांसह, त्याच वर्षीं तिच्या धाकट्या मुलीनें प्रसिद्ध केला.