दूरचा डोंगर निळा

आपल्या बॅचमधल्या कुणाचीही चित्रकलेची जुनी वही उघडा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. मुंबईच्या मुलांनी हे कल्पनेने काढलेलं असतं. वरंधमध्ये सूर्य खरोखरच सह्याद्रीमागून उगवतो. खटकतो तो रंग. जवळचा डोंगर आणि लांबचा डोंगर, दोन्ही सारखेच हिरवेगार!

दूरचं फिकट, निळसर दाखवायची रीत आपल्याकडे तशी अलीकडची. घाटमाथ्यावर मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं पाहा. ठळक रेषा, सपाट भरलेले रंग. युरोपात लिओनार्दोने पाचशे वर्षांपूर्वीच दूरचं निळं रंगवायला सांगितलं होतं. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं आणि पाश्चात्त्य पद्धतीचं निसर्गचित्रण मराठी मुलांच्या हाती आलं. तिथे शिकलेले आबालाल रहिमान कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले आणि कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. जलरंगात नाव कमावलेले सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) तर सावंतवाडीचे, म्हणजे आपल्या कोकणातलेच.

यामागचं विज्ञान सोपं आहे. मधली हवा प्रकाश विखुरते, त्यातही निळा जास्त. रॅले यांनी १८७१ मध्ये आकाशाच्या निळेपणाचं कारण मांडलं ते हेच. म्हणून लांबची रांग पातळ निळ्या रंगाने, कडा विरघळू देत काढायची. ती वाळली की अलीकडची जरा गडद. पुढचा कातळ मात्र खरखरीत कागदावर जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढायचा. कागदाचे खळगे पांढरे राहतात आणि दगडाचा पोत आपोआप उमटतो. लांबच्या डोंगरावर असा पोत दाखवला, की तो लगेच अंगावर येतो.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती असे पेपर होते. समोरच्या डोंगराचा पेपर नव्हता. खरं तर त्याच्याइतका चांगला धडा शोधून मिळणार नाही. सकाळी सूर्य मागे असतो, तेव्हा अख्खी रांग एकच निळी पट्टी. दुपारी चारनंतर पश्चिमेचं ऊन कावळ्या किल्ल्याच्या बाजूला पडलं, की कड्यांमधले बेसॉल्टचे आडवे थर एकेक करून दिसू लागतात.

तळीयेवरचा डोंगर मात्र मला लांबून, निळ्या पट्टीत उरकता येत नाही. २२ जुलै २०२१ ला तिथे दरड कोसळली आणि वाडीच गेली. तो उतार काढायचा, तर जवळ जाऊन, माती-दगडासकट काढावा लागेल.